जेवण टेम्पोने येऊ द्या, वाढणारे हात घरचे ठेवा

अमळनेरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून इथे देते.

"मुलाने पुण्यात नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरवलंय. तिथे दोन्हीकडचे मिळून वीसच जण असू. मग डिसेंबरात, चंपाषष्ठीनंतरच्या रविवारी संध्याकाळी, आमच्या अंगणात आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर स्वागत समारंभ. साधारण १२० माणसं. मुलगा म्हणतो, मंगल कार्यालय नको, आचारी नको. तयार जेवण घरपोच मागवू, टेबलावर मांडू, ज्याने त्याने घ्यावं. जळगावच्या एका केटररचा दरही त्याने काढलाय. यांचं म्हणणं, अंगणात भट्टी पेटली नाही तर लग्नघर कसलं? माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. आचाऱ्याच्या मागे दिवसभर उभं राहणं आता होत नाही, म्हणून मला मुलाचं पटतं. पण नणंदबाईंना कळलं तर त्या फोनवर म्हणाल्या, 'म्हणजे भाच्याच्या लग्नात आम्ही पार्सल खायचं का?' तेव्हापासून जेवणाचा विषय निघाला की छातीत धस्स होतं. बेत काय ठेवू, किती मागवू, गरम कसं राहील? आणि लोक काय म्हणतील?"

ताई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने भट्टीजवळ उभं राहायचं नाही, हे आधी पक्कं करून टाका. त्यावर घरात पुन्हा चर्चा नको. जेवण बाहेरून येणार हे ठरलं असं धरूनच मी पुढचं लिहिते.

नणंदबाईंचं बोलणं मात्र मनातून काढून टाकू नका, ते नीट ऐका. शेवभाजी कुठल्या चुलीवर झाली याची चौकशी आपल्याकडे कुणी करत नाही. लोक लक्षात ठेवतात ते वेगळंच. मला कुणी बसवलं का, ताटात बट्टी संपल्यावर 'आखो ले ना माय' म्हणत कुणी दुसरी आणून टाकली का, तुपाची वाटी माझ्यापर्यंत आली का. जेवण टेबलावर मांडून घरचे सगळे फोटोच्या रांगेत गेले, तर आचारी अंगणात असूनही ते पार्सलच होतं. म्हणून तुमच्या मुलाच्या बेतातला पहिला भाग घ्या, दुसरा सोडा. स्वयंपाक बाहेर होऊ दे. वाढणं घरचं ठेवा.

आता बेताकडे येते, कारण बाकी सगळं बेतावर अवलंबून आहे.

घरपोच जेवणाचा बेत ठरवताना जिभेआधी टेम्पोचा विचार करावा लागतो. झाकणाखाली तासभर राहून जे बिघडतं ते कितीही आवडतं असलं तरी यादीतून काढायचं. पुऱ्या पहिल्या काढा. बंद डब्यात त्यांना घाम सुटतो आणि चामड्यासारख्या चिवट होतात. भजी तशीच. जिलेबी गरम भरली की मऊ पडते. पातोडीचा रस्सा मला जिवापाड आवडतो, पण पातोड्या रश्शात पडून राहिल्या की फुगतात, कडा सुटतात आणि शेवटच्या माणसाला नुसतं घट्ट पिठलं मिळतं. कढी पुन्हा गरम करताना फाटण्याची भीती असते. मुलाच्या यादीत नूडल्स आणि पनीरचे दोन प्रकार असतील असा माझा अंदाज आहे. पुण्याचे मित्र अमळनेरला येणार ते तुमच्या घरचं खायला, त्यांना नूडल्स कशाला?

माझं मत विचाराल तर वरण-बट्टी. आपल्याकडे लग्नाकार्याला, भंडाऱ्याला वरण-बट्टी चालत आली आहे त्याला कारण आहे. शेकडो माणसांना पुरवता येते आणि ताटकळत बसली तरी रुसत नाही. उकडून, कापून, तळलेली बट्टी दोन-तीन तास चांगली राहते. गार झाली तरी वरण कढत असलं की कुस्करल्यावर पुन्हा जिवंत होते. म्हणजे १२० माणसांसाठी गरम राखायची खरी गोष्ट एकच उरते, वरण. इतकी सोय दुसऱ्या कुठल्या बेतात नाही. बट्टी येताना वेताच्या टोपल्यांत, खाली-वर सुती कापड घालून यावी असं सांगा. प्लॅस्टिकच्या झाकणबंद क्रेटमध्ये कोंबली की वाफेने ओली होते.

तिच्यासोबत शेवभाजी. इथे मला आमच्या घरची गोष्ट सांगावीच लागेल. धाकट्या भावाचं स्वागत चाळीसगावला होतं, जेवण असंच घरपोच मागवलेलं. केटररने शेव आधीच रश्शात टाकून आणली. झाकण उघडलं तर आत भाजी नव्हती, शेवेचा लगदा होता, पळी उभी राहील इतका. आई त्या पातेल्याकडे बघत राहिली आणि काही बोलली नाही. तिचा तो चेहरा मला अजून आठवतो. दुसरी चूक त्याहून साधी होती. जेवण उतरवून टेम्पो निघून गेला, आणि एकाही पातेल्यात वाढायला काही नव्हतं. वगराळं नाही, झारा नाही, भाताला चमचा नाही. शेजारच्या चार घरांतून पळ्या गोळा करेपर्यंत पहिली पंगत रिकाम्या ताटांसमोर बसून होती. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी दोन गोष्टी आधी सांगते: शेव कोरडी, वेगळ्या डब्यात मागवा, आणि वाढायची भांडी आदल्या दिवशी घरात मोजून ठेवा. रस्सा उकळता ठेवायचा आणि शेव ताटात टाकून त्यावर रस्सा घालायचा. तिखट मध्यम सांगा आणि तर्री निराळ्या डब्यात मागवा. सूनबाईंकडच्या माणसांना सोसेल तेवढं ती घेतील, आपली माणसं वरून ओतून घेतील.

भात ठेवा, पण थोडा. आणि त्याच्याबाबत सगळ्यात कडक राहा, याचं कारण पुढे सांगते. गोडाला बुंदी. प्रवासात मोडत नाही, गरम करावी लागत नाही, आदल्या दिवशी आली तरी चालते. पापड आणि बिबड्या दोन दिवस आधी तळून हवाबंद डब्यात. ठेचा, कांदा, लिंबू घरचं. डिसेंबरच्या रात्री मठ्ठा नको. आपल्याकडे त्या दिवसांत अंधार पडला की चांगला गारठा असतो, म्हाताऱ्यांचे घसे बसतात, आणि थंड ठेवायची एक वस्तू तेवढी कमी होते. हाच समारंभ मे महिन्यात, जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात असताना असता, तर मी मठ्ठा ठेवून शेवभाजी काढायला सांगितलं असतं.

आता तुमच्या यजमानांची भट्टी. ताई, तो आग्रह नुसता मोडून काढू नका, त्याला जागा द्या. यांना भरीत लावू द्या. आपल्याकडे भरीत हे पुरुषांचं काम आहेच. शेतात, मळ्यात चार मित्र जमले की वांगी भाजणारे तेच असतात. आणि तुमची तारीख नेमकी हंगामातली आहे. तुम्ही चंपाषष्ठीनंतरचा रविवार धरलात ते फार चांगलं केलंत. खंडोबाचं असलेल्या घरांत चातुर्मासापासून वांगं बंद असतं ते चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानंतरच सुटतं, त्यामुळे त्या दिवशी अशा घरातल्या कुणाला वांगं वर्ज्य म्हणून ताट सरकवावं लागणार नाही.

वांगी यावल तालुक्यातल्या बामणोद-भालोदकडची, हिरवट-पांढरी, मोठी, कमी बियांची मिळाली तर बघा. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तोंडीलावणं म्हणून माणशी शंभर-सव्वाशे ग्रॅम धरलं तर १२० जणांना बारा-पंधरा किलो भरीत लागेल. साल आणि पाणी जाऊन वांगं बरंच घटतं, म्हणून वीस-बावीस किलो वांगी आणा. प्रत्येकाला सुरीने टोचे मारायचे. त्याने वांगं फुटत नाही, आणि कीड असली तर तिथेच कळते. तुरखाट्या किंवा पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्या, आठ दिवस आधी अंगणात आणून वाळत टाका. दुपारी चारला जाळ करायचा, पाचपर्यंत भाजून, सोलून, लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसणाबरोबर ठेचून तयार. कांद्याची पात आणि कोथिंबीर मात्र वाढायच्या अर्धा तास आधीच घालायची, नाहीतर काळवंडते. पाहुणे गल्लीत शिरतील तेव्हा वांगी भाजल्याचा वास अंगणभर असेल. लग्नघर वाटायला आणखी काय लागतं?

ज्यांच्याकडे जैन किंवा माळकरी पाहुणे आहेत त्यांनी फोडणीत लसूण नसलेलं वरण एका छोट्या डब्यात वेगळं सांगावं, आणि त्या डब्याचं वगराळंही वेगळं ठेवावं. तुमच्या यादीत असे किती आहेत ते आधी बघून घ्या. रविवारी एकादशी येत नाही ना, तेही दिनदर्शिकेत तपासा.

आता केटरर. जळगावच्या केटररचा दर चांगला असेलही, पण जळगाव ते अमळनेर टेम्पोला तासाभरापेक्षा जास्त लागतो, आणि वाटेत काय होईल ते आपल्या हातात नाही. अमळनेरातच स्वयंपाक करणारं कुणी बघा. बचत गटाच्या बायका असतील, एखादा आचारी असेल ज्याची स्वतःची भट्टीची जागा आहे. अर्ध्या तासाच्या आतलं अंतर हे पहिलं, दर नंतर. त्यांच्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी नोंदणी क्रमांक आहे का ते विचारा. ज्याच्याकडे असतो तो लगेच दाखवतो. जागा जाऊन बघा. तुम्ही जाऊ नका, मुलाला पाठवा. पाणी कुठून भरतात, भांडी कुठे घासतात, एवढं बघितलं तरी पुरे. आणि ठरवायच्या आधी दहा माणसांचं वरण-बट्टी पैसे देऊन मागवा, झाकण न उघडता दोन तास ठेवा, मग जेवा. गरमागरम चाखून ऑर्डर देणं म्हणजे टेम्पोतल्या जेवणाची परीक्षाच न घेणं.

दोन प्रश्न असे आहेत जे कुणी विचारत नाही आणि सगळा घोळ तिथे होतो. एक, "त्या दिवशी तुमच्या आणखी किती ऑर्डरी आहेत?" लग्नाची मोठी तिथी असली तर आचाऱ्याकडे तीन-तीन घरं असतात. दुसरा, "आमचं वरण चुलीवरून कधी उतरणार?" पोचणार कधी हे सगळे विचारतात, उतरणार कधी हे नाही. दुपारी दोनला उतरवलेलं वरण सात वाजता वेळेवरच पोचतं, पण ते पाच तासांचं असतं. तुम्हाला हवं ते सहाला उतरलेलं, साडेसहाला टेम्पोत चढलेलं, सातला अंगणात आलेलं. भात तर सगळ्यात शेवटी उतरला पाहिजे.

भाताबद्दल म्हटलं होतं ते आता. शिजवलेलं अन्न साठ अंशांच्या वर गरम राहिलं तर सुरक्षित, त्याखाली कोमट होऊन दोन तासांपेक्षा जास्त पडून राहिलं तर धोका, हा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेला साधा हिशेब आहे. भाताचं आणखी वाईट असतं. तांदळात असे जिवाणू असतात की त्यांची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती वाढतात, विष तयार करतात, आणि ते विष नंतर कितीही वाफ काढली तरी जात नाही. वासाने, चवीने कळत नाही. रात्री लग्न जेवून पहाटे उलट्या, असं ऐकतो तेव्हा बऱ्याचदा सगळे भाजीला नाहीतर पनीरला दोष देतात आणि भाताकडे कुणाचं लक्षच जात नाही. म्हणून भात दोन खेपांत मागवा, एक सातला, दुसरी सव्वाआठला. उरलेला भात सकाळी फोडणीला टाकायचा नाही. घरातल्या मोठ्या माणसांना हे पटवायला जड जाईल, अन्न टाकू नये हे आपल्या हाडात आहे, पण म्हणूनच मुळात कमी मागवायचा.

गरम ठेवण्यासाठी मोठ्या दोन डेगांऐवजी दहा-दहा लिटरचे चार डबे मागवा. एक उघडा, तीन बंद. उघडलेलं गार होतं, झाकलेलं तग धरतं. बंद डबे जाड गोधडीत गुंडाळून, भिंतीच्या आडोशाला, खाली गोणपाट टाकून ठेवा. सुती गोधडी हे काम फार छान करते. बिछायत केंद्रातून टेबलावरची, खाली पाण्याची आणि जेलच्या डब्याची भांडी भाड्याने मिळतात. ती घ्या, पण त्यांच्याकडून चुकीची अपेक्षा ठेवू नका. ती गरम जेवण गरम ठेवतात, गार जेवण गरम करत नाहीत. खालच्या कप्प्यात आधीपासून उकळतं पाणी ओतायचं, नळाचं नाही. आणि एक गॅसची शेगडी बाजूला ठेवा. वरण आल्या आल्या तिच्यावर चढवून एक उकळी आणायची. रस्त्यात वरण घट्ट होतंच, म्हणून कढत पाण्याचं पातेलंही तयार ठेवायचं. गार पाणी घालून पातळ केलेलं वरण लगेच ओळखू येतं.

किती मागवायचं? ऑर्डर कधीही ताटांवर देऊ नका. "१२० ताटं" याचा अर्थ प्रत्येक आचारी आपापल्या सोयीने लावतो. किलो आणि लिटरमध्ये सांगा आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. माझा हिशेब असा: बट्टीबरोबर वरण भरपूर लागतं, माणशी ३०० मिलिलिटर धरून ३६ लिटर. बट्टीला माणशी शंभर ग्रॅम पीठ, म्हणजे बारा किलोची. शेवभाजीचा रस्सा १८ ते २० लिटर, शेव वेगळी सहा किलो. भाताला सहा किलो तांदूळ, त्याहून जास्त नाही. बुंदी दहा किलो. तूप अडीच-तीन किलो, आणि ते तुम्ही स्वतः आणा, केटररवर सोडू नका. बट्टीवरचं तूप कसं आहे यावरून आपल्याकडे घराची परीक्षा होते. प्यायच्या पाण्याचे वीस लिटरचे सहा-सात जार.

पण १२० हा आकडा तरी खरा आहे का? आमंत्रणाची यादी काढा आणि प्रत्येक नावापुढे लिहा, चूलबंद, म्हणजे अख्खं घर, की एक माणूस. "या बरं का सगळे" असं तोंडी म्हटलं की ते घर चूलबंदच समजतं, आणि समजावंच. गल्लीतली, भाऊबंदकीतली चूलबंद घरं पूर्ण धरा, ती येतात. सुरतेची मंडळी अर्धी-मुर्धी धरा. खान्देशातलं कुठलं घर असं नाही की ज्याचं कुणी उधना-सुरतेकडे नाही, आणि ती माणसं सुरत-भुसावळ लाईनच्या गाडीने येणार. गाडी दोंडाईच्याला किंवा शिंदखेड्याला थांबून राहिली तर ती नऊला पोचतील. म्हणून बंद डब्यांपैकी एक त्यांच्या नावाचा, शेवटपर्यंत न उघडता ठेवायचा.

धाकधूक वाटून वीस माणसांचं जादा मागवू नका. त्याऐवजी घरात चार किलो तांदूळ, दीड किलो तूर डाळ, शेंगदाणे, लसूण, तिखट काढून ठेवा. कमी पडतंय असं आठ वाजता दिसलं तर दोन मोठ्या कुकरात खान्देशी खिचडी लावायची. वरून लसणाची फोडणी आणि बाजूला पापड. ती खाऊन कुणी नाराज होऊन गेल्याचं मी पाहिलं नाही.

आता वाढणं. वरण-बट्टी ठरवलीत तर एक गोष्ट आपोआप ठरते: ही उभ्याने खाता येत नाही. बट्टी कुस्करायला हात मोकळे लागतात आणि समोर ताट टेकवायला जागा लागते. कागदाच्या प्लेटमध्ये कढत वरण ओतलं की प्लेट दुमडून वरण पायावर येतं. थर्माकोल-प्लॅस्टिकच्या ताट-वाट्या तर राज्यात २०१८ पासून बंदच आहेत. म्हणून बिछायतवाल्याकडून काठाची स्टीलची ताटं घ्या आणि ती घासायला दोन बाया लावा, त्यांची मजुरी आधी ठरवून. साठ माणसं बसतील एवढी टेबल-खुर्च्या मांडा, दोन पंगतींत जेवण उरकतं. मुलाला बुफे हवा असेल तर टेबल दोन्ही बाजूंनी उघडं ठेवून घ्यायला लावा. एका रांगेत माणशी अर्धा मिनिट धरलं तरी १२० माणसांना तास लागतो, आणि शेवटचा माणूस तासभर भुकेला उभा असतो. माझं मत विचाराल तर तरुण पोरांनी हवं तर स्वतः घ्यावं. वडीलधाऱ्यांना, व्याह्यांना आणि आत्या-मावश्यांना बसवून वाढावं.

वाढायला आठ जण पुरतात. भाचे, पुतणे, पुतण्या, गल्लीतली कॉलेजची मुलं. त्यांना पाचला बोलवा आणि आधी जेवू घाला. उपाशी मुलगा मन लावून वाढत नाही. एकाकडे फक्त पाणी. एकाकडे फक्त तूप आणि लिंबू. एकजण शेगडीजवळ, त्याने वरणाखेरीज कशाकडे बघायचं नाही. आणि टेम्पोवाल्याचा फोन उचलायचं काम नवरदेवाकडे किंवा तुमच्याकडे असता कामा नये. शेजारच्या एखाद्या जबाबदार माणसाला तो नंबर द्या. डबे उतरवताना त्यानेच मोजायचे, मोबाइलवर फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी भांडी परत न्यायला आल्यावर दोन झाकणं कमी म्हणून वाद होतात ते त्यामुळे होत नाहीत. पैशाचा शेवटचा हप्ताही तेव्हाच, भांडी मोजून झाल्यावर.

उरलेल्याचा निर्णय साडेनऊला, पाहुणे असतानाच घ्या. बट्टी, बुंदी, कोरडी शेव डब्यांत भरून त्याच रात्री माणसांबरोबर जाऊ द्या. त्यासाठी रिकामे डबे आधी जमवून ठेवा. वरण उरलं तर उकळून त्याच रात्री शेजारी द्या.

आणि नणंदबाई. त्यांना पहिल्या पंगतीचं ताट द्यायचं हे तर झालंच, पण त्याआधी त्यांच्याकडे काहीतरी मागा. भाच्याच्या लग्नाचा आत्याचा मान असतो. पुण्याच्या नोंदणी कार्यालयात तिला कुठे उभं राहायला मिळणार आहे? वीस जणांत त्यांचं नाव आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर ते पार्सलचं बोलणं जेवणाबद्दल नव्हतंच, ताई. त्यांना सांगा की व्याह्यांची पंगत तुमच्याकडे. तूप तुम्ही वाढायचं, बट्टीचा आग्रह तुम्ही करायचा, मला गुडघ्यामुळे वाकता येत नाही. हे खरंच आहे, त्यामुळे म्हणायला जड जाणार नाही. भरिताला मीठ-मिरची बरोबर आहे का हेही त्यांनाच चाखायला लावा, तुमच्या यजमानांनी लावलेल्या भरितात काय कमी आहे ते त्यांच्या बहिणीइतकं दुसरं कोण सांगणार?

तुम्ही त्या संध्याकाळी वाढायला उठू नका. अंगणाच्या दाराजवळ, पाठीला टेकण असलेली खुर्ची टाका, पायाखाली छोटा पाट, खांद्यावर शाल. येणारा प्रत्येक माणूस तुमच्यासमोरून आत येईल आणि तुमच्यासमोरूनच बाहेर जाईल. जाताना त्याला "जेवलात ना?" एवढं विचारायचं काम तुमचं.

केटरर पुढच्या आठवड्यात ठरवलात तरी चालेल. नणंदबाईंना फोन मात्र आजच करा, आणि आदल्या दिवशीच मुक्कामाला बोलवा.